खाड्यांची वही

पस्तीस वर्षं मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात शिकवलं आणि २०२१ मध्ये निवृत्त झालो. शेवटची काही वर्षं विद्यार्थ्यांच्या हजेरीचे दाखले माझ्या सहीने जात. त्या काळात एक मत मी स्टाफरूममध्ये, पालकसभेत, जिथे विषय निघेल तिथे ठासून मांडत असे. कॉलेजच्या मुलांना जेवणाखाण्यासाठी सरकारने रोख पैसे देऊ नयेत. द्यायचेच असतील तर हजेरी आणि गुण कसून तपासून द्यावेत. पोटाला थोडा चिमटा बसला की मुलगा अभ्यासाला लागतो, असं मला मनापासून वाटायचं.

आज मला ते वाटत नाही. पण मत बदललं एवढंच सांगून मोकळं होणं बरोबर नाही. ते मत नुसतं माझ्या डोक्यात नव्हतं. माझ्या हातात पेन होतं, शिक्का होता आणि त्या शिक्क्यावर मुलांचं जेवण अवलंबून होतं. म्हणून हे सगळं लिहून काढतो आहे.

मत आलं कुठून, ते आधी सांगतो. १९७८ मध्ये मी संगमनेरजवळच्या एका खेड्यातून पुण्याला शिकायला आलो. वडिलांची कोरडवाहू जमीन होती. महिन्याला हातात पडायचे ते पैसे वह्या आणि एसटीच्या तिकिटातच संपायचे. सुट्टीहून परत येताना आई दशम्या बांधून द्यायची, त्या चार दिवस पुरायच्या. उसन्या पुस्तकांवर अभ्यास केला, दोन शर्टांवर तीन वर्षं काढली. पुढे नोकरी लागली, घर झालं, आणि या सगळ्याची माझ्या मनात एक गोष्ट तयार झाली: मी कोणाकडून काही घेतलं नाही, स्वतःच्या बळावर शिकलो. ही गोष्ट मी वर्गात शेकडो वेळा सांगितली. समोरची मुलं ऐकून घ्यायची. तिच्यात काय राहून गेलंय हे माझ्या कधी लक्षात आलं नाही.

शासनाने २०१६-१७ पासून अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणली. शासकीय वसतिगृहासाठी अर्ज केला पण जागा मिळाली नाही, अशा मुलांना बाहेर राहून शिकता यावं हा तिचा हेतू. घरचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत हवं. पुणे-मुंबईसारख्या शहरांसाठी रक्कम ठरली वर्षाला ६० हजार: भोजन भत्ता ३२ हजार, निवास भत्ता २० हजार, निर्वाह भत्ता ८ हजार. पैसे थेट मुलाच्या बँक खात्यात. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी याच धर्तीवर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना आली. स्वाधारमध्ये गुणांची अट होती आणि ७५ टक्के हजेरीची. हजेरीचा दाखला महाविद्यालयाने द्यायचा. आमच्याकडे तो मी द्यायचो.

ती अट मला फार आवडली होती. एवढे पैसे घ्यायचे तर वर्गात बसायला नको का, असं मी म्हणायचो. आणि साठ हजारांचा आकडा ऐकला की माझ्या मनात पहिला विचार मोबाईलचा यायचा, मेसचा नव्हे. हेही कबूल केलं पाहिजे.

२०१९ च्या फेब्रुवारीत एस. वाय. बी. एस्सी.चा एक मुलगा दाखल्यासाठी माझ्यासमोर उभा राहिला. बीड जिल्ह्यातला. आईवडील ऊसतोडीला जाणारे. हजेरी ६१ टक्के. मी रजिस्टर त्याच्यापुढे फिरवलं आणि विचारलं, "हे काय आहे?"

तो म्हणाला, "सर, कामाला जात होतो."

"कसलं काम? सरकार तुला शिकायला पैसे देतंय ना?"

तो काही बोलला नाही. मी बोललो, आणि बराच वेळ बोललो. आमच्या वेळी काय होतं, कष्ट म्हणजे काय, फुकटच्या पैशाने माणूस कसा बेजबाबदार होतो. त्याने मान खाली घालून सगळं ऐकलं, "येतो सर" म्हणाला आणि निघून गेला. पैसे आले आहेत का, हे मी विचारलंसुद्धा नाही.

आठवड्याभराने एक बाई विभागात आल्या. साठीच्या आसपासच्या, हातात कापडी पिशवी. चपला त्यांनी दाराबाहेर काढल्या होत्या. कॉलेजच्या मागच्या गल्लीत त्यांची मेस होती, मुलं त्यांना काकू म्हणायची. त्या म्हणाल्या, "सर, तो पोरगा हल्ली धड जेवायला येत नाही. उधारी झालीय म्हणून लाजतोय. तुमच्याकडे त्याचा कसला कागद अडलाय म्हणे. तेवढं बघा."

मी त्यांनाही नियम समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतला आणि पिशवीतून एक लांबट वही काढून टेबलावर ठेवली. मेसची वही. दर पानाला एक मुलगा, पानावर महिन्याच्या तारखा, प्रत्येक तारखेपुढे सकाळ आणि संध्याकाळ असे दोन रकाने. जेवला की बरोबरची खूण, नाही आला की 'खा', म्हणजे खाडा. बाहेर राहून शिकलेल्या कोणालाही हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. आधी सांगून खाडा टाकला की तेवढं जेवण पुढच्या महिन्यात वळतं होतं.

त्या मुलाच्या पानावर डिसेंबरपासून सकाळचा रकाना रिकामा होता. दोन टाइमच्या मेसचे २,४०० रुपये जमेनात, म्हणून तो एक टाइमवर आला होता. संध्याकाळच्या रकान्यात बहुतेक दिवशी खूण होती आणि मधूनमधून दोन-तीन दिवस सलग 'खा'. मला काय वाटलं कोण जाणे, मी हजेरीचं रजिस्टर ओढलं आणि वहीशेजारी ठेवलं. तारखा जुळवत गेलो. वहीत जिथे 'खा', तिथे रजिस्टरमध्ये 'गै'. डिसेंबरात चार दिवस, जानेवारीत पाच, फेब्रुवारीत एव्हाना नऊ. एकही तारीख इकडची तिकडे नव्हती.

काकू म्हणाल्या, "लग्नात वाढपी म्हणून जातो तो. केटररवाला दिवसाचे चारशे देतो आणि दोन्ही वेळचं जेवण. ते दिवस माझ्याकडे खाडा."

म्हणजे वर्गात गैरहजर होता त्या दिवशी तो दोन वेळ पोटभर जेवत होता. आणि माझ्या वर्गात 'हजर' असायचा त्या दिवशी सकाळपासून उपाशी बसलेला असायचा. इतक्या वर्षांत मी हजारो वेळा हजेरी घेतली होती. हजर या शब्दाच्या आत काय असू शकतं, ते त्या दुपारी मला पहिल्यांदा दिसलं.

त्या वर्षीचा त्याचा एकही हप्ता तोवर आलेला नव्हता. हप्ते वेळेवर येत नाहीत ही विद्यार्थी संघटनांची जुनी तक्रार आहे. मी ती ऐकली होती आणि तक्रारखोरपणा म्हणून बाजूला सारली होती. आता हिशेब करून पाहिला. शिक्षणाचे दहा महिने धरले तर ३२ हजारांचे महिन्याला ३,२०० रुपये होतात. मेसचे २,४०० त्यात बसतात, वर सकाळच्या चहा-पोह्यालाही काही उरतं. म्हणजे रक्कम ठरवणाऱ्याने विचार करून ठरवली होती. पण मेसचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला आगाऊ द्यायचे असतात आणि भत्ता येतो मागाहून, दाखले पोचल्यावर, बिलं मंजूर झाल्यावर, तरतूद आल्यावर. मधल्या महिन्यांत ही योजना कोणाच्या जिवावर चालते? त्या काकूंच्या उधारीवर. स्वतः भाड्याच्या दोन खोल्यांत राहून पहाटे पाचला कणीक मळणारी एक बाई शासनाला बिनव्याजी पैसे पुरवत होती, आणि मी तिला नियम समजावून सांगत होतो.

दाखला मी तरीही दिला नाही. ६१ चे ७५ करणं मला शक्य नव्हतं. खोट्या दाखल्यावर सही करणं आजही मला बरोबर वाटत नाही. पण मुळात जी गोष्ट हजेरीला बांधायची नव्हती ती बांधली होती. अन्न मिळालं तर मुलगा वर्गात येईल, आणि वर्गात आला तरच त्याला अन्न मिळेल. या चक्रात शिरायचं कुठून? घरचे चार पैसे असतील तरच. नसतील तर वाढप्याचा डगला चढवायचा.

लगेच माझं मत बदललं असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. त्या रात्री मी स्वतःचीच बाजू मांडत राहिलो. मुलाने आधी सांगायला हवं होतं, कार्यालयाने पैसे वेळेत द्यायला हवे होते, नियम काही मी केले नव्हते. मग एप्रिलमध्ये परीक्षेची कागदपत्रं आवरताना टेबलाच्या खालच्या कप्प्यात योजनेच्या अर्जांच्या प्रतींचा जुना गठ्ठा सापडला. वर जावक क्रमांक होता, आत माझ्या सहीच्या तारखा. अर्ज माझ्याकडे आले ती तारीख आणि मी सही केली ती तारीख, यांत तीन आठवड्यांचं अंतर होतं. सगळे एकदम करू म्हणून मी ते बाजूला ठेवले होते. त्या गठ्ठ्यात त्याचाही अर्ज होता. सगळा उशीर काही माझा नव्हता, पण त्यातले तीन आठवडे माझे होते. मेसच्या वहीत ते किती खाडे होतात, ते मोजायला मला वही लागली नाही.

तिथून मी माझी जुनी मतं एकेक करून उलटून पाहू लागलो.

२०१८ मध्ये आदिवासी विकास विभागाने शासकीय वसतिगृहांतली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे मुलांच्या खात्यात टाकायचं ठरवलं. त्या जुलैत मुलंमुली या निर्णयाविरुद्ध पुण्याहून नाशिककडे पायी निघाली. सिन्नर तालुक्यात पोलिसांनी त्यांना अडवलं. तेव्हा मी स्टाफरूममध्ये म्हणालो होतो, "हातात पैसे मिळतायत, तरी यांना चालायचंय." रोख पैसे दिले तर मुलं उधळतील, असं म्हणणाराही मीच होतो. दोन्ही वेळा मुलांचं काय म्हणणं आहे ते मला ऐकायचं नव्हतं. ती म्हणत होती ते साधं होतं. वसतिगृहात संध्याकाळी भात शिजतो, तेव्हा तो त्याच संध्याकाळी पोटात जातो. खात्यातले पैसे कधी येतील याचा नेम नाही. आणि आले की घरी कोणाचं आजारपण असतं, बहिणीची फी असते. खेड्यातल्या आईने फोनवर अडचण सांगितली तर कोणतं लेकरू मेसचे पैसे राखून ठेवेल? पैशाला वाटे फुटतात, वाढलेल्या ताटाला फुटत नाहीत. खानावळीच्या जेवणाबद्दलही त्या मुलांच्या तक्रारी होत्याच. पण निकृष्ट जेवण सुधारता येतं, न आलेला हप्ता खाता येत नाही.

मग रेशनचं पाहिलं. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिन्याला ५ किलो धान्य. माझ्या विद्यार्थ्याच्याही नावाचं ते आहे, पण कार्ड गावाकडे. आईवडील दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघाले की घराला कुलूप. आता एक देश, एक रेशन कार्ड आहे, कुठल्याही दुकानातून आपला वाटा उचलता येतो. तो पुण्यात उचलला असं धरू. कॉट बेसिसवर एका खोलीत चौघं राहतात, मालक गॅस पेटवू देत नाही. गहू-तांदूळ घेऊन तो करणार काय? कायद्याने शाळेतल्या मुलांच्या दुपारच्या जेवणाचा विचार केला, पण तो आठवीपर्यंत, चौदा वर्षं वयापर्यंत. त्यापुढच्या मुलाला भूक लागते हे जणू कोणाच्या हिशेबातच नाही. तोवर माझ्याही नव्हतं.

२६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी सुरू झाली. दोन चपात्या, एक भाजी, वरण, भात, दहा रुपये. शहरात एका थाळीमागे पन्नास रुपये धरलेले, वरचे चाळीस शासनाचे. एरवी मी नाक मुरडलं असतं, पण आता मुद्दाम एका केंद्रावर गेलो. दुपारी बारा ते दोन एवढीच वेळ, थाळ्या ठरावीक. रांगेत हमाल होते, रुग्णांचे नातेवाईक होते आणि पाठीला सॅक लावलेली मुलं होती. नाव सांगायचं, मोबाईलवर फोटो काढू द्यायचा, दहा रुपये द्यायचे. उत्पन्नाचा दाखला नको, जातीचा नको, हजेरीचा नको. माझ्यापुढच्या मुलाने सगळी थाळी चार मिनिटांत संपवली, बोटं पुसली आणि घड्याळ बघून पळाला. प्रॅक्टिकल असणार. मला वाटलं, ही रांग कॉलेजच्या आवारातच का नाही?

माझ्या जुन्या मताला आधार होता तो कर्मवीर भाऊराव पाटलांचा. 'कमवा आणि शिका' हे त्यांचं सूत्र मी येता-जाता मुलांच्या तोंडावर फेकत असे. पण त्यांच्या चरित्रातलं अर्धंच मी घेतलं होतं. साताऱ्याच्या वसतिगृहात धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडायला दिले, अखेर मंगळसूत्रही. तिथली मुलं राबत होती हे खरं, पण काम आधी करा मग ताट देतो, असं तिथे कोणी म्हणालं नव्हतं. ताट होतं, म्हणून काम आणि अभ्यास दोन्ही झालं. त्याही आधी, १९०१ पासून शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहं उभी केली, तेव्हा खेड्यातल्या पोराला शहरात शिकायचं तर आधी निवारा आणि अन्न लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं. ज्यांचं नाव घेऊन मी मुलांना सुनावत होतो, ती माणसं माझ्या विरुद्ध बाजूला उभी होती.

आणि शेवटी माझी स्वतःची गोष्ट. कोणाकडून काही घेतलं नाही, असं मी सांगत आलो. मग १९७८ ते १९८१ मी जेवत कुठे होतो? शुक्रवार पेठेत, मावशीच्या घरी. तीन वर्षं, दोन्ही वेळ. काकांचा पगार बेताचा होता, घरात तीन लेकरं होती, तरी माझं ताट रोज मांडलेलं असायचं. पहिल्या वर्षी मी एका विषयात नापास झालो. मावशीने निकाल ऐकला आणि म्हणाली, "हात धुऊन घे, पान वाढलंय." ते ताट मी कधी हिशेबात धरलंच नाही, कारण ते मागावं लागलं नव्हतं.

त्या ताटामागे आणखी काही होतं. पुण्यात जेवू घालणारी मावशी असणं, पेठेत आपल्या जातीचं घर असणं, हे सगळं मला जन्माने मिळालं होतं. माझ्या आजोबांच्या पिढीत गरीब मुलं वार लावून जेवत, माधुकरी मागत. त्या कष्टांचं कौतुक मी ऐकत वाढलो. पण वार कोणाच्या मुलांना मिळत होते आणि कोणाला उंबऱ्याच्या आतही घेतलं जात नव्हतं, हे त्या कौतुकात कधी आलं नाही. बीडच्या त्या मुलाच्या घराण्यातून पुण्यात कोणी आधी आलेलंच नव्हतं. मावशीने मला जे दिलं, तेच स्वाधार योजना त्याला देऊ पाहत होती. फरक इतकाच, की माझ्या मावशीने आधी दाखला मागितला नाही.

म्हणून आज माझं म्हणणं असं आहे. भोजन भत्ता हजेरीतून सोडवा. निवास आणि निर्वाहाच्या रकमांना काय अटी घालायच्या त्या घाला, त्यांवर वाद करता येईल. जेवणाला अट नको. तो पैसा प्रवेश झाला त्या महिन्यापासून, दर महिन्याच्या सुरुवातीला यावा, कारण मेसची तारीख तीच असते. इतर मागासवर्गीय मुलांसाठी सावित्रीबाईंच्या नावाची आधार योजना आहे, अल्पभूधारक आणि मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाचा निर्वाह भत्ता आहे. त्यांनाही हेच लागू व्हावं. मोठ्या महाविद्यालयाच्या आवारात दहा रुपयांची थाळी मिळावी, कोणालाही, काही न विचारता. आणि माझ्यासारखा जो कोणी आज सहीचं पेन घेऊन बसला असेल, त्याने अर्ज आला त्याच दिवशी हातावेगळा करावा. त्याला कोणाच्या मंजुरीची गरज नाही.

तो मुलगा परीक्षेला बसला, पास झाला आणि जूनमध्ये परत आलाच नाही. शेवटच्या वर्षाला त्याचं नाव यादीत नव्हतं. मी फोन लावला, नंबर बंद होता.

तेव्हा मी काकूंकडे गेलो. त्याची उधारी मी भरतो म्हणालो. मला वाटत होतं, एवढं तरी माझ्या हातून व्हावं. काकूंनी पोळी तव्यावर टाकली, हात पुसले आणि वही काढली. त्याचं पान उघडून माझ्यापुढे धरलं. चैत्र-वैशाखातल्या लग्नांचे पैसे मिळाले तेव्हा गावी जायच्या आदल्या दिवशी तो आला होता आणि सगळे पैसे चुकते करून गेला होता. पानाच्या तळाशी काकूंच्या वाकड्या अक्षरात दोनच शब्द होते: बाकी नाही.

फुकटच्या पैशाने मुलं बेजबाबदार होतात, असं मी त्याला तोंडावर म्हणालो होतो. त्याच्या पानावर बाकी नाही. माझ्या पानावर आहे.